फादरांनी न विचारलेला प्रश्न

माझ्या आत्याने आयुष्यात एकच लबाडी केली आणि ती पाच वर्षं निभावून नेली. त्याआधी ती इतकी सरळ बाई होती, की तिच्याबरोबर चारचौघांत जायची आम्हाला धास्ती वाटायची. शेजारीण हौसेने नवे पडदे दाखवायला आली, तर आत्या हात लावून म्हणायची, "कापड चांगलंय. रंग फसलाय." कामातही तेच. ती टायपिस्ट होती. सांगणाऱ्याने जे सांगितलं ते कागदावर उतरायचं, अक्षर इकडचं तिकडे नाही. सांगणारा एका वाक्यात चारदा 'म्हणजे' म्हणाला, तर कागदावरही चारदा 'म्हणजे' यायचं. "मी सुधारायला बसले तर लिहिणारं कोण, ते का मी?" असं विचारून ती समोरच्याला गप्प करायची.

कचेरीत पंचवीस वर्षं लघुलेखन करून ती घरी बसली, म्हणजे बसली नाहीच. जेवणाच्या टेबलावर घडी घातलेलं ब्लँकेट आणि ब्लँकेटवर मशीन, कारण खटखट फार झाली की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ काठीने छत ठोकायचे. दोन खोल्या, आत्या आणि तिची मुलगी. आतोबा मुलगी शाळेत असतानाच गेले होते. माझी ही आतेबहीण चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. तिच्या बोटांना कायम बारीक पांढरी पूड लागलेली असायची आणि ती माझ्या गालाला पुसणं हा तिचा आवडता उद्योग होता. मी दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, अजूनही राहते. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे मला आधी माणसाची चूक दिसते आणि मग माणूस. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे दोन म्हाताऱ्यांबद्दल मी फारसं गोड बोलणार नाही.

पहिले म्हातारे म्हणजे फादर. चर्चमागच्या खोलीत निवृत्त होऊन राहिलेले. गुडघे कामातून गेलेले, आणि हात असा थरथरायचा की सही करताना दुसऱ्या हाताने मनगट धरावं लागे. दुसरे गुरुजी, टेकडीवरच्या ताओपंथी देवळातले. पूर्वी औषधी मुळ्या वाळवून लोकांना द्यायचे. मग डोळे गेले आणि नुसतं बसणं उरलं.

दोघांची ओळख झाली तेव्हा एकाचे गुडघे आणि दुसऱ्याचे डोळे अजून शाबूत होते. हॉस्पिटलात एक माणूस शेवटच्या घटका मोजत होता. तो फादरांच्या चर्चमधला, बायको गुरुजींच्या देवळातली. बिचारीने दोघांनाही बोलावणं धाडलं आणि दोघं एकाच वेळी खोलीत शिरले. फादर म्हणाले, "तुम्ही आधी." गुरुजी म्हणाले, "छे छे, आधी तुम्ही." दोघंही कमालीचे सभ्य. त्यांचं 'तुम्ही आधी' संपायच्या आत माणूस गेला. बाहेर बाकावर बसल्यावर दोघांना एकदमच ओशाळल्यासारखं झालं. आपण आत जे बोलणार होतो ते वेगवेगळं होतं की एकच, हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही, असं गुरुजी म्हणाले. एकदा निवांत बसून याचा छडा लावायचा असं ठरलं. निवांत बसायचा योग येईपर्यंत दोघांच्या तब्येतींनी दगा दिला आणि मग पत्रांवर आलं. पण एकाला लिहिता येत नव्हतं, दुसऱ्याला वाचता येत नव्हतं. मधे जी व्यक्ती हवी होती तिला टायपिंग यायला हवं होतं आणि टेकडीच्या एकशेबारा पायऱ्या चढता यायला हव्या होत्या. तिथे आत्याचा नंबर लागला.

दर बुधवारी ती फादरांकडे जायची, ते बोलतील ते लघुलिपीत उतरवायची आणि घरी येऊन टाइप करायची. शनिवारी फादरांची सही घेऊन टेकडी चढायची, गुरुजींना पत्र वाचून दाखवायची, त्यांचं उत्तर उतरवून खाली यायची. पुढच्या बुधवारी ते फादरांच्या हातात. दोन कार्बन घालायची, म्हणजे एक प्रत ज्याची त्याला आणि एक फायलीला. ना ती चर्चची होती, ना देवळाची. कुणी विचारलं तर म्हणायची, "मी मधल्या रस्त्याची."

विषय मात्र भलताच मोठा होता. फादरांच्या धर्मात एक दैवी प्रज्ञा आहे, जग घडायच्या आधीपासून देवाजवळ असलेली. डोंगर बसवताना, समुद्राला हद्द आखून देताना ती शेजारीच होती, आणि मजेत होती, खेळत होती, असं फादर सांगायचे. गुरुजींचा ताओही सगळ्याच्या आधीचा, सगळ्याची आई म्हणावी असा, पाण्यासारखी खालची, कुणाला नको असलेली जागा धरून राहणारा. पहिल्या वर्षातच दोघांच्या लक्षात आलं, की आपण बहुधा एकाच बाईबद्दल बोलतोय. दोघं लहान मुलांसारखे हरखून गेले. दुसऱ्या वर्षी भांडण लागलं. फादर म्हणायचे, ती चौकात उभी राहून माणसांना हाका मारते. गुरुजी म्हणायचे, ती कुणालाही हाक मारत नाही. हाक गरजवंत मारतो, आणि तिला कसली गरज? आत्याने आपल्या वहीत 'प्रज्ञा' आणि 'ताओ' या दोन्ही शब्दांना लघुलिपीची एकच खूण ठरवून टाकली होती. "दोन कशाला? वेळ जातो," असं ती मला म्हणाली. त्या दोघांना तिने हे कधी सांगितलं नाही.

सहाव्या वर्षी एका शनिवारी माझ्या आतेबहिणीला ताप होता. साधाच ताप, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. आत्या पत्र घेऊन टेकडीवर गेली. गुरुजी त्या दिवशी रंगात आले होते, त्यामुळे उत्तर लांबलं. चारच्या सुमाराला ती घरी आली तेव्हा मुलगी पलंगावर नव्हती. खाली फरशीवर पडली होती, तोंड दाराकडे. तेविसावं वर्ष चालू होतं तिचं. डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेला, फार वेळ लागला नसेल. खालचे गृहस्थ मान खाली घालून म्हणाले, की दुपारी वरून काहीतरी आवाज येत होता खरा, पण त्यांना मशीन वाटलं. त्यांनी काठीने छत ठोकलं होतं.

फादरांनी आत्याला आठवडाभर सुट्टी दिली आणि प्रार्थना करतो म्हणाले. गुरुजींनी निरोप धाडला, की नदी समुद्राला मिळाली. त्या नदीसमुद्राचा मला इतका संताप आला, की निरोप घेऊन आलेल्या बाईंना मी दारातूनच वाटेला लावलं. मुलगी आजारात गेली, यापलीकडे दोघांना काही ठाऊक नव्हतं. दोघांनीही विचारलं नाही. दुःखात माणसाला खोदून विचारू नये, एवढे ते सभ्य होते. सुट्टी संपल्यावरच्या बुधवारी आत्या वही घेऊन फादरांपुढे हजर झाली.

त्या दिवशीही फादरांनी हाकेबद्दलच सांगितलं. प्रज्ञा उंच जागी उभी राहून हाक मारते, आणि जो ऐकतो, आणि ऐकून वळतो, आणि वळून तिच्या उंबरठ्याशी बसतो, त्याला जीवन सापडतं. आत्याने घरी येऊन सगळं बिनचूक टाइप केलं. खाली सहीसाठी जागा सोडायची असते. तिथे पोचल्यावर तिची बोटं थांबली नाहीत. ती मला नंतर म्हणाली, की तिने ठरवून काहीच केलं नाही, कागद वर सरकवला तेव्हा तिने ते वाचलं. 'ती हाक मारते की नाही हे राहू द्या. बंद खोलीतून कुणी तिला हाक मारली, तर तिला ऐकू येतं का?'

असा कागद ती एरवी फाडून पुन्हा टाइप करायची. तो तिने फाडला नाही. शनिवारी फादरांपुढे ठेवला. फादर कधीच वाचून बघायचे नाहीत. "तुम्ही टाइप केलंत म्हणजे बघायला नको," म्हणाले, मनगट धरलं आणि सही केली.

टेकडीवर तिने पत्र वाचून दाखवलं. गुरुजींनी फादरांना उत्तर सांगितलं, की पाण्याला कान नसतात पण उतार कळतो, जिथे खळगा पडतो तिथे ते आपसूक पोचतं. आता हे उत्तर फादरांना द्यायचं तर पंचाईत, कारण त्यांनी प्रश्नच विचारला नव्हता. मग आत्याने गुरुजींच्या पत्राच्या सुरुवातीला तोच प्रश्न त्यांचा म्हणून घातला. अशा रीतीने फादरांना वाटलं गुरुजींनी विचारलं, गुरुजींना वाटलं फादरांनी. पंचवीस वर्षं एक स्वल्पविरामसुद्धा पदरचा न घातलेली बाई दोन्हीकडून खोटं बोलायला लागली, आणि एकदा लागली ती लागलीच. डोंगर बसवताना जी शेजारी होती, ती एका खोलीत का नव्हती? ऐकूनही येत नसेल तर तिला शहाणी का म्हणायचं? असे प्रश्न ती चार-सहा महिन्यांतून एकदा दोघांच्या तोंडी घालायची.

माझ्यासारखीला कबूल करायला जड जातं, पण पत्रं सुधारली. आधी दोघं एकमेकांपुढे आपापल्या धर्माची भांडी घासून मांडत होते. आता त्यांना घाम फुटायला लागला. एका पत्रात फादरांनी आपल्या आईबद्दल लिहिलं. ते नऊ वर्षांचे असताना आई हॉस्पिटलात वारली. मुलांना वर सोडत नव्हते, म्हणून ते जिन्यात उभं राहून तिला हाका मारत होते आणि शिपाई त्यांना गप्प करत होता. गुरुजींनी लिहिलं, की डोळे गेल्यापासून रोज सकाळी जाग आल्यावर त्यांना भीती वाटते आणि ताओ ती भीती काढून घेत नाही. एका टोकाचं दुःख आत्या दुसऱ्या टोकाला नेऊन पोचवायची आणि परत येताना तिकडचं घेऊन यायची. तिच्या प्रश्नाला उत्तरं येतच होती, चांगली येत होती. पण फादरांचं उत्तर गुरुजींना असायचं आणि गुरुजींचं फादरांना. मी एकदा विचारलं होतं, की एवढी त्या डोंगरावर जातेस, काही समाधान मिळतं का? तर म्हणाली, "पाणी खळग्यात पोचतं म्हणतात. आमच्याकडे पोचायचंय अजून." मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

पाच वर्षं गेली आणि एका महाविद्यालयाने या पत्रांचं पुस्तक काढायचं ठरवलं. दोन धर्मांतला संवाद वगैरे. फादरांनी भिंग घेतलं आणि पहिल्यांदाच फाइल वाचायला बसले. तिसऱ्या दिवशी आत्याला बोलावणं आलं. टेबलावर त्यांच्या पत्रांचा गठ्ठा होता आणि त्यातल्या काही ओळींखाली लाल पेन्सिलीच्या थरथरत्या रेघा होत्या.

"हे मी कधी म्हणालो, बाई?"

"नाही म्हणालात," आत्या म्हणाली. "मी घातलं."

"आणि त्यांच्या पत्रांतलं?"

"तेही मीच."

फादर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मला वाटायचं, त्या माणसाने मला आतून ओळखलंय. मी आईबद्दल लिहिलं. ते मी कुणाला लिहिलं?"

मुलगी कशी गेली ते आत्याने तेव्हाही सांगितलं नाही. माझा फादरांवर राग आहे, पण या एका जागी तो तोकडा पडतो. त्यांचं खरोखरच काहीतरी चोरीला गेलं होतं. त्यांनी तिला पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं आणि तिची वाक्यं आणि त्या वाक्यांना आलेली सगळी उत्तरं काढून टाकली. आईबद्दलचं पत्रही काढलं. उरलेलं पुस्तक निघालं. मी वाचलंय. सभ्य पुस्तक आहे, दुपारी वाचायला घेतलं तर झोप चांगली लागते.

फादरांकडून निघाली ती आत्या थेट माझ्याकडे आली आणि तिने मला हे सगळं सांगितलं, पाच वर्षांचं, पत्रांच्या तारखांसकट. मग म्हणाली, "गुरुजींना माझ्या तोंडूनच कळायला हवं. उद्या जाते." डॉक्टरांनी तिला नुकतीच चढायची बंदी केली होती, म्हणून मी बरोबर गेले. खरं कारण वेगळं होतं. एका म्हाताऱ्याने तिला घालवून दिलं होतं, दुसरा काही बोललाच तर त्याला चार शब्द सुनवायचे असं मी शाळेतून निघतानाच ठरवलं होतं. वीस-वीस पायऱ्यांनी ती बसत होती. मी तिच्याकडे न बघता देवळाच्या छपराकडे बघत होते.

गुरुजी खिडकीपाशी चटईवर बसून जुन्या सवयीने सुपातल्या वाळलेल्या मुळ्या बोटांनी चाचपून वेगळ्या करत होते. भिंतीला औषधांचे लहान लहान खण होते, बरेचसे रिकामे. आत्या समोर बसली आणि कचेरीत अहवाल द्यावा तसं तिने सगळं क्रमाने सांगितलं. किती पत्रं, कोणत्या तारखा, कोणती वाक्यं. सांगून झाल्यावर म्हणाली, "तुमची माफी मागायला आले."

"मला ठाऊक होतं," गुरुजी म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही पत्र वाचता ते एका सुरात वाचता, बाई. त्या दिवशी त्या ओळीआधी तुम्ही श्वास घेतलात." मग किंचित हसून म्हणाले, "आणि फादर इतकं लहान वाक्य जन्मात बोलले नाहीत."

मला हसू आलं नाही. आत्याचाही चेहरा उतरला. "म्हणजे पाच वर्षं तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली, "की मी विचारतेय. आणि तुम्ही उत्तर फादरांना देत होतात?"

"हो."

"का?"

गुरुजींची बोटं मुळ्यांवर थांबली. "फादरांना उत्तर देता येत होतं. ते पाण्यावर, उतारावर खूष व्हायचे. तुम्हाला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. भ्यालो मी."

सुनवायचे म्हणून जमवलेले चार शब्द माझ्या तोंडातच राहिले. आत्या थोडी पुढे सरकली. तिने विचारलं, आणि या वेळी कुणाच्या सहीवर नाही, "तिला ऐकू येतं का, गुरुजी?"

"ठाऊक नाही," गुरुजी म्हणाले. "जन्मभर तिच्याबद्दल बोललो. हे ठाऊक नाही."

बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं. झाडून झालं. मग गुरुजींनी मुळ्यांचं सूप बाजूला सारलं आणि विचारलं, "नाव काय होतं हो मुलीचं?"

पाच वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते आम्ही, आम्हीही तिच्यासमोर ते उच्चारणं सोडलं होतं. तिला त्रास नको, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. मीसुद्धा. माझ्या गालाला पूड पुसणाऱ्या माझ्या बहिणीचं नाव मी पाच वर्षं तोंडात येऊ दिलं नव्हतं, आणि वर स्वतःला मोठी समजूतदार म्हणवून घेत होते.

आत्याने नाव सांगितलं. गुरुजींनी ते दोनदा म्हणून बघितलं. मग ती बोलायला लागली, आणि कुठून कुठे गेली. काचा घासायची, शिट्टी छान वाजवायची, भांडण झालं की आतून कडी लावून गाणी म्हणायची. आणि मग त्या शनिवारवर आली. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. सकाळी निघताना मुलीने तिच्या साडीचा पदर धरला होता. "आज थांब ना," म्हणाली होती. आत्याने पदर सोडवून घेतला आणि म्हणाली, "आलेच, पत्र देऊन येते."

"कुणाला?" गुरुजींनी विचारलं, आणि विचारताविचारताच त्यांना कळलं. त्यांचा चेहरा मी बघितला. त्या माणसावरचा माझा राग तिथेच संपला.

"तुम्हाला," आत्या म्हणाली.

मग गुरुजींनी अगदी हळू विचारलं, "काय होतं त्या पत्रात?"

अकरा वर्षांतलं कुठलंही पत्र विचारा, आत्या तारखेसकट म्हणून दाखवायची. आदल्याच दिवशी माझ्यापुढे तिने किती म्हणून दाखवली होती. तिने डोळे मिटले आणि ती आठवत राहिली. तिचे ओठ हलत होते, पण त्यांतून काही येत नव्हतं.

"आठवत नाही हो," ती म्हणाली, आणि मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.